भिवापूरला गेलेली खुर्ची

आमच्या घरातली कोणतीही वस्तू आपली समजायची नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. सकाळी ज्या टेबलावर पाटी ठेवून मी खेळायला जायचो ते टेबल दुपारपर्यंत विकलेलं असायचं, आणि त्याच्या जागी भिंतीला टेकवलेलं सांबराचं डोकं काचेच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत असायचं. त्याच्याशी जरा ओळख होते न होते तोच तेही कामठीच्या कुण्या गिऱ्हाइकाबरोबर निघून जायचं. झोपायला कधी पितळी दांड्यांचा साहेबी पलंग, कधी कुण्या मालगुजाराच्या झोपाळ्याची फळी, आणि माल पटापट उठला असला तर जमिनीवर सतरंजी. धंदा कसा चालला आहे हे आमच्याकडे पाठीला कळायचं. पाठ दुखत असली की समजायचं, बाबांचे दिवस बरे आहेत.

आमचा लिलावाचा धंदा. लोक नागपुरात महाल भागातल्या आमच्या घराला ‘लिलाववाल्यांचं घर’ म्हणत आणि पोस्टमनही तेवढ्यावर पत्र आणून देई. सीताबर्डीत आमचं गोदाम आणि पुढे लिलावाचा हॉल होता, पण गोदामात जागा कमी पडली की माल घरी येई, आणि जागा नेहमीच कमी पडे. भिंतीवर कुणाकुणाची घड्याळं टांगलेली असत. प्रत्येक घड्याळ आपापल्या वेळेला टोले देई, त्यामुळे बारा वाजायला आमच्याकडे बराच वेळ लागायचा. जेवायला कधी दोन ताटं सारखी नसत. एखाद्या ताटाच्या तळाशी कुण्या क्लबाचा सिंह असे आणि आईच्या हातची पाटवडी संपवली की तो रश्शातून वर येई. आई या सगळ्याला एका खडूच्या तुकड्याच्या जोरावर पुरून उरली होती. जी वस्तू तिला विकू द्यायची नसे, तिच्या बुडाशी ती ‘घरचं’ असं लिहून ठेवी. पाटा, पोळपाट, तिचा स्टोव्ह, देवघरातली समई, सगळ्यांवर ‘घरचं’. एकदा मी गोदामात माल उतरवणाऱ्यांच्या मध्येमध्ये करत होतो, तर तिनं माझ्या सदऱ्याच्या पाठीवरच लिहून टाकलं. मी तसाच शाळेत गेलो. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, की नाहीतर विकतील. वर्ग हसला. मी गंमत म्हणून बोललो नव्हतो.

धंदा आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी उभा केला. ते सिव्हिल लाइन्समध्ये एका साहेबाकडे मुनशी होते. साहेब लोक विलायतेला परत जायला लागले, तेव्हा त्यांच्या साहेबानं जाताना सांगितलं की हे सगळं सामान विकून दे. आबाजींचा आवाज मोठा होता आणि भीड कमी. त्यांनी बंगल्याच्या बागेत न्हाणीघरातला टब पालथा घातला, त्यावर उभे राहिले आणि सगळा बंगला विकला. शेवटी पायाखालचा टबही विकला. मग एका बंगल्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा असं होत गेलं. साहेब संपले तर मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, आणि मालगुजारांची हंड्याझुंबरं गाड्या भरभरून येऊ लागली. बाबांच्या हाती धंदा आला तोवर बंद पडलेल्या मोटार कंपन्या, छापखाने, जिनिंगचे कारखाने असा माल सुरू झाला होता. नागपुरात जे काही बुडायचं ते आमच्या दारावरून बुडायचं.

असं म्हटलं की वाटतं, कुणाचं तरी घर मोडल्यावर आमची चूल पेटायची. आबाजींना ते टोचत असावं, म्हणून त्यांनी काही रिवाज घालून दिले होते. ज्याचं सामान विकायचं त्याच्या घरी आधी जाऊन पाणी प्यायचं. आणि सगळ्या मालातला एक नग न विकता त्या माणसाला परत द्यायचा, त्याला जो हवा तो. याला आमच्याकडे ‘उंबऱ्याचा नग’ म्हणत. कुणी खुंटीवरची छत्री मागे, कुणी बायकोचा आरसा. एका मालगुजारानं हत्तीच्या गळ्यातली घंटा मागितली. हत्ती केव्हाच गेला होता. पुढे कधीतरी आमचीही फर्म आम्ही बंद केली, रीतसर, तोंडावर हसू ठेवून, आणि तेव्हा आमचा उंबऱ्याचा नग म्हणून मी आबाजींची शिसवी हातोडी ठेवून घेतली. आता आमच्याकडे तिनं बदाम फोडतात.

पण सगळ्यांत कडक रिवाज या हातोडीचाच. ‘एक बार, दो बार, तीन बार’ म्हणून ती एकदा पडली की पडली. चूक असो, नुकसान असो, विकणारा रडो की घेणारा रडो, पडलेली हातोडी परत उचलायची नाही. बाबा धंद्यात नवे होते तेव्हा त्यांनी एक कपाट विकलं. त्यात आजीच्या लुगड्यांची गाठोडी होती. घर लहान पडलं म्हणून तिनंच ती त्या कपाटात ठेवली होती. गिऱ्हाइकाच्या बैलगाडीमागे बाबा धावत निघाले तर आबाजींनी दंड धरून थांबवलं. आजी आबाजींशी बोलायची बंद झाली. पुढे त्या गिऱ्हाइकाच्या बायकोनं कपाट उघडलं, आपणहून सगळी लुगडी घड्या घालून परत आणून दिली, वर आजीच्या हातचा चहा पिऊन गेली. मग आजी बोलू लागली, पण आबाजींशी नाही, त्या बाईशी. दोघींचं येणंजाणं शेवटपर्यंत होतं.

अशा घरात मी, मनोहर, घरच्यांचा मन्या, कॉलेजात दोनदा आपटून धंद्यात आलो. मला उभं राहता येत होतं आणि ओरडता येत होतं, म्हणजे अर्धा धंदा आलाच. उरलेला अर्धा म्हणजे खुणा. मुरलेलं गिऱ्हाईक तोंडानं बोली लावत नाही. कुणी चष्मा वर सरकवतो, कुणी पेन्सिल कानामागे ठेवतो, कुणी नुसताच छताकडे बघतो. या खुणा टिपण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती. डोळ्याची पापणी लवली तरी मला दिसे. अडचण एवढीच होती की ती सगळ्यांचीच लवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच सुमाराला प्रभा हॉलवर आली. ती धंतोलीत मामाकडे राहून कॉलेजात शिकत होती आणि तिला अभ्यासाला दिवा हवा होता. हिरव्या काचेचा एक दिवा तिनं हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, “याचं बटन काहून अडकते?” मी म्हटलं, जुना माल आहे, थोडं चालायचंच. ती म्हणाली, “मंग भावबी थोडाच चालन.” लिलावात तिनं तो माझ्या डोळ्यांदेखत निम्म्या भावात नेला, कारण ती बोली लावायची तेव्हा माझ्या तोंडून पुढचा आकडाच निघत नव्हता. बाबा नंतर म्हणाले, “आज तुह्या घशाले काय झालतं?” मी म्हटलं, धूळ. काही दिवसांनी तिच्या मामांनीच ओळखीतून स्थळाची गोष्ट काढली तेव्हा माझा विश्वास बसेना. मुलीचे वडील नामदेवराव, भिवापूरला त्यांची मिरचीची अडत. ते येऊन मुलगा बघतील, मग बोलू, असं ठरलं. कधी येतील ते काही त्यांनी कळवलं नाही.

त्या उन्हाळ्यात सीताबर्डीवरच्या एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. हात थरथरू लागले होते आणि थरथरत्या हाताचा दंतवैद्य कुणालाच नको असतो. रिवाजाप्रमाणे मी त्यांच्याकडे पाणी प्यायला गेलो. त्यांनी पाणी दिलं, सवयीनं मला त्या खुर्चीत बसवलं, सवयीनंच तोंड उघडायला लावून आत डोकावले आणि म्हणाले, “अक्कलदाढ यायची आहे अजून.” उंबऱ्याचा नग म्हणून त्यांनी तोंडात घालायचा तो इवलासा आरसा मागून घेतला. बाकीचा माल हॉलवर आला. हातोडी पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्या हाती होती. बाबा पावत्यांच्या टेबलाशी, आबाजी मागे आरामखुर्चीत.

बाटल्या, कपाटं, टेबलं पटापट गेली. राहिली खुर्ची. ओतीव लोखंडाची, लाल चामड्याची, पायाशी वरखाली करायचा पेडल, दोन्ही हातांच्या टोकाला आवळ्याएवढे पितळी लट्टू. दोन हमालांनी ओढता ओढता येत होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. ती कुणाला हवी असणार? मोमिनपुऱ्याचे कबाडी इस्माईलभाई म्हणाले, “बाबू, लोहे का भाव देता हूँ. चमडा तुम रख लो.” हॉल हसला. पहिल्याच दिवशी माझा शेवटचा नग भंगारात जाणार, या विचारानं माझे कान तापले. मी नजर फिरवली आणि मागच्या रांगेत, बंद पंख्याखाली, मला एक माणूस दिसला. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि उजव्या हातावर पसरलेला मोठा तांबड्या चौकड्यांचा रुमाल. तो रुमाल वर गेला.

खूण. मी बोली धरली. इस्माईलभाईंनी चढवली. रुमाल पुन्हा वर गेला, या वेळी पार कपाळापर्यंत. मी आनंदानं पुकारलं, “पीछे से साहब का और एक.” इस्माईलभाईंनी वळून मागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या दाढीत काहीतरी हललं. त्यांना जे दिसलं ते मला दिसायला हवं होतं. पण त्यांनी हसू दाबून आणखी एकदा चढवलं, निव्वळ गंमत म्हणून. रुमाल मानेवरून फिरला. मी तेही धरलं. मग ते हात जोडून म्हणाले, “बस, हम हारे.” एक बार, दो बार, तीन बार. हातोडी पडली. मी असा काही उभा होतो की जणू लाल किल्ला विकला.

ते गृहस्थ हळूहळू उठून बाबांच्या टेबलाशी गेले. बाबा मान खाली घालून लिहीत होते. “नाव सांगा जी.”

“नामदेवराव. भिवापूर.”

बाबांचं पेन थांबलं. “मिरचीची अडत?”

“हाव.”

“म्हनजे प्रभाताईचे…”

“बाप.”

एप्रिल महिन्यात मी पहिल्यांदा गारठलो. बाबा उभेच राहिले. म्हणाले, “आधी सांगाचं होतं ना जी. चहापानी झालं असतं.”

“पोट्टा कामात कसा आहे ते पाहाले आलतो,” नामदेवराव म्हणाले. “पाह्यलं.”

बाबांनी आवाज खाली आणून विचारलं, “तुम्ही खरंच बोली लावली होती का?”

नामदेवरावांनी हातातल्या रुमालाकडे बघितलं. तो घामानं चिंब झाला होता. मग त्यांनी हॉलकडे बघितलं. इस्माईलभाईंसकट सगळे कान टवकारून उभे होते. ते म्हणाले, “हातोडी पडली का नाई?”

“पडली.”

“मंग माह्या नावावर लिहा.”

त्यांनी पैसे मोजून दिले, मिरची उतरवून परत जाणाऱ्या एका ट्रकवर खुर्ची चढवून घेतली आणि माझ्याकडे एकदाही न बघता निघून गेले. इथे एक सांगायला हवं, नाहीतर तो रुमाल कळायचा नाही. तेव्हा मिरचीच्या बाजारात भाव तोंडानं करत नसत. अडत्या आणि व्यापारी एकमेकांचे हात धरत, वर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे. बाकीच्यांना फक्त दोन चेहरे दिसत. तांबडा रुमाल उजव्या हातावर पसरून बसणं ही त्यांची आयुष्यभराची बैठक होती. घाम आला की ते तोच हात वर नेऊन पुसत. एवढंच झालं होतं. मी त्यांच्या घामाला दात काढायची खुर्ची विकली होती.

घरी आईनं वडाभात वाढला आणि तेलाची वाटी माझ्यापुढे जरा जोरातच ठेवली. “काहून रे, तुले मानसाचा घाम दिसत नाई?”

“मले वाटलं बोली आहे.”

“दात पाडाच्या खुर्चीवर बोली लावाले भिवापूरहून येते का कोनी?”

बाबा म्हणाले, उद्याच माणूस पाठवतो, पैसे परत करतो, खुर्ची आणतो, हवं तर पाय धरतो. आबाजी भातात वडा कुस्करत होते. ते म्हणाले, “जाऊन काय सांगशीन? का तुमची बोली खोटी होती? त्या मानसानं भऱ्या हॉलात आपली हातोडी राखली. आता आपन त्याची बोली खोटी कराची?”

पुढचे दिवस फार वाईट गेले. मी सायकलवरून धंतोलीतून चकरा मारायचो. मामांच्या खिडकीत तो हिरवा दिवा दिसायचा, म्हणजे परीक्षेचा अभ्यास चालू आहे एवढं कळायचं, बापाकडून काय कळलं आहे ते कळायचं नाही. एकदा मी रेंगाळलो तर दिवा पटकन विझला. बटण अडकत नव्हतं हे तेवढ्यात लक्षात आलं आणि आणखी वाईट वाटलं. मित्र भेटले की रुमालानं कपाळ पुसून दाखवत. शेवटी एका संध्याकाळी मिरचीच्या ट्रकचा ड्रायव्हर गोदामावर आला आणि निरोप देऊन गेला, “शेठनं बलावलं आहे. घरच्याइले घेऊन या. खुर्ची लागली आहे.” या शेवटच्या वाक्याचा अर्थ काय असावा, यावर आमच्या घरी रात्रीच्या जेवणापर्यंत चर्चा चालली. आईचं मत पडलं, की आता तुझे दात पाडतात.

इतवारी स्टेशनाहून नॅरोगेजची छोटी गाडी निघते, म्हणजे तेव्हा निघायची, आणि वाटेत कुणी हात दाखवला तर थांबेल अशा बेतानं चालायची. आई, बाबा, आबाजी आणि मी. आईनं सांभारवडी बांधून घेतली होती. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात, आणि ती भरून तळलेली वडी आंबट ताकाच्या कढीशी खाताना मी एरवी कुणाचं ऐकत नाही. त्या दिवशी एकही घशाखाली उतरली नाही. भिवापूर जवळ आल्याचं पाटीच्या आधी नाकाला कळलं. स्टेशनाबाहेर मोकळ्या जागेत मिरची पसरलेली, नजर जाईल तिथपर्यंत लाल, आणि हवेत असा तिखटपणा की बाबांना शिंकांवर शिंका आल्या. गावातली माणसं मात्र नाकावर फडकंही न धरता त्यातून चालत होती.

नामदेवरावांच्या घराचा पुढचा भाग म्हणजे अडत. गाद्या, लोड, तराजू, पोती. आणि मधोमध, वर पांढरी चादर घातलेली, ती. त्यांनी चादर काढली. चामड्याला तेलपाणी केलं होतं, लट्टू चकचकत होते. आबाजींना, बाबांना गादीवर बसवलं, आईला आतल्या बायांनी नेलं, आणि नामदेवराव मला म्हणाले, “तुम्ही इथं बसा.”

मी बसलो. त्यांनी पेडलवर पाय दिला. मी वर गेलो. त्यांनी पुन्हा पाय दिला. मी आणखी वर गेलो. दारात, खिडकीत, माजघराच्या उंबऱ्याशी घरातल्या सगळ्या बायका आणि अर्धी गल्ली जमली होती, आणि मी इस्त्रीच्या पँटमध्ये त्यांच्या डोक्यांच्या वर, तुळईच्या जरा खाली, असा उभा ठाकलो होतो. म्हणजे बसलो होतो. नामदेवराव आबाजींना शांतपणे म्हणाले, “माल नीट दिसला पायजे सगळ्याइले.”

आबाजींनी मान डोलावली. “बरोबर आहे. आमीबी असंच ठेवतो.”

तेवढ्यात प्रभा पोह्यांची ताटली घेऊन आली. तिनं सगळ्यांना दिली, माझ्यापाशी येऊन थांबली, हात वर केला, ताटली माझ्या गुडघ्याशीच राहिली. ती म्हणाली, “त्याइले खाली घ्या बाबा, नाईतर मी शिडी आनते.” बायका फिसकन हसल्या. मी ताटली घ्यायला वाकलो, मिरचीचा वास एकदम नाकात गेला, आणि जी शिंक आली तिच्यासरशी माझी टाच कुठल्यातरी कळीवर बसली. पाठ धाडकन मागे गेली. मी उताण्या झुरळासारखा आडवा, पोहे छातीवर, नजर कौलांकडे. पडता पडता मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, आणि उजव्या हातातला लट्टू निखळून मुठीत आला.

लोक हसत होते तोवर मला बरंच होतं. नामदेवरावांनी मला खाली आणलं, प्रभानं छातीवरचे पोहे वेचायला फडकं दिलं, आणि माझ्या लक्षात आलं की आपण या माणसाला नको ती खुर्ची विकली आणि आता ती मोडलीही. मी मूठ आवळली ती आवळलीच. खिशात हात घालावा तर सगळ्यांचे डोळे माझ्यावर. गादीवर येऊन बसलो तेव्हाही मूठ तशीच.

चहा झाला. मग खोलीतली हवा बदलली, जशी बोलणी निघायच्या आधी बदलते. मला माहीत होतं, बाबांच्या मनात एक स्कूटर होती. त्यांनी ती मनात कधीची चालवायला घेतली होती. माझ्या नावावर, पण मागच्या सीटवर ते. मी काही बोललो नव्हतो, कारण बोलावं एवढी माझी पत उरली नव्हती. बाबांनी घसा साफ केला. नामदेवरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “आमच्याइकडं भाव बोलून सांगत नाई जी.” आणि त्यांनी तो तांबडा रुमाल काढून झटकला आणि हात आबाजींपुढे केला.

आबाजींनी हात पुढे केला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हातोडी त्याची होती. बोलीबी त्यालेच लावू द्या.”

नामदेवराव माझ्यापुढे येऊन बसले. त्यांनी माझा उजवा हात धरला, वर रुमाल टाकला. माजघराच्या दारात प्रभा उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, आपल्या बापाकडेही नाही. ती रुमालाकडे बघत होती. रुमालाखाली त्यांची बोटं माझ्या मुठीवरून फिरली. सवयीची, खरखरीत, तिखट बोटं. त्यांनी माझं एक बोट उघडून बघितलं. मी सोडेना. दुसरं चाचपलं. मी सोडेना. अंगठ्यापाशी येऊन ती बोटं जरा थांबली. मी घामानं निथळत होतो आणि माझ्यापाशी रुमाल नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसलं नाही, पण डोळे माझ्या डोळ्यांवर टेकले ते बराच वेळ तिथेच राहिले. मग त्यांनी हात काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “मूठ बंद आहे. पोरगा म्हनते, काहीच नको.”

बाबांचं तोंड उघडलं. स्कूटर त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जाताना मला दिसली. पण ते काही म्हणायच्या आत आबाजींनी जवळचं लाकडी माप उचलून त्यानं जमिनीवर ठोका दिला. “एक बार.” माजघरातल्या बायका उंबरा ओलांडून पुढे आल्या. “दो बार.” मी प्रभाकडे बघितलं. तिनं दाराची चौकट धरलेली सोडली. “तीन बार.” माप पडलं.

बाबा म्हणाले, “पन आबाजी…”

“पडली,” आबाजी म्हणाले.

बाबांनी तोंड मिटलं. त्या घराण्यात जन्माला आलेल्या माणसाला याच्यापुढे बोलायला जागा नव्हती. आजीची लुगडी त्यांनाच आठवत असणार. माझ्या छातीवरून मात्र ती ओतीव लोखंडाची खुर्ची कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं, आणि मी एकट्यानं उरलेली सगळी सांभारवडी संपवली, डाव्या हातानं.

लग्नानंतर प्रभानं मला सांगितलं, की देण्याघेण्यावरून तिचं आणि बापाचं महिनाभर वाजत होतं. मागणाऱ्याच्या घरी मी जाणार नाही, असं ती म्हणे. जग असंच चालते, असं ते म्हणत. ती म्हणाली, “तुमचं एक बोट जरी उघडलं असतं ना, तर मी तिथूनच नाई म्हननार होती.” मी हो हो केलं आणि जरा तत्त्वनिष्ठ चेहरा करून बसलो. तो चेहरा मी बरीच वर्षं वापरला आहे. आईनं मात्र सून घरात आल्याबरोबर तिच्या हातावर खडूचा तुकडा ठेवला. म्हणाली, “जे जे तुले ठेवाचं असन त्याच्यावर लिहीत जा वं. या लोकाइचा भरोसा नाई.”

दिवाळसणाला आम्ही भिवापूरला गेलो. लट्टू माझ्या बॅगेत मोज्यात गुंडाळलेला होता. खुर्ची आता गादीच्या जागी होती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिच्यावर बसून सौदे करत आणि समोरचा व्यापारी फार ताणू लागला की पेडल मारून जरासे वर जात. पंचक्रोशीत तिचं नाव झालं होतं. भर दुपारी, सगळे जेवून लवंडलेले बघून मी हळूच अडतीत आलो, वाकलो, आणि लट्टू जागेवर बसवून फिरवू लागलो. आटे चांगले बसले. उठून वळतो तर दारात मामाजी, खांद्यावर तांबडा रुमाल.

“बसला का लट्टू?”

मी सरकून लट्टूपुढे उभा राहिलो.

“रुमालाखाली हात घालून जिनगी गेली माही, जावईबापू. बोट कोनतं अन् पितळ कोनतं, कळत नाई का मले?”

मी विचारलं, “मंग तेव्हाच सांगतलं काहून नाई?”

ते आत आले, खुर्चीवरची धूळ त्यांनी रुमालानं झटकली. “माह्या घामाची तुम्ही बोली केली. मी सांगतलं होतं का?” मग त्यांनी चामड्यावर थाप मारली. “बसा.”

मी बसलो. बाहेर अंगणात प्रभा तिच्या आईला काहीतरी सांगून हसत होती. मामाजींनी पेडलवर पाय दिला आणि मला हळूहळू वर घेतलं, आणि या वेळी मी कशालाच धरलं नाही.